एकोणपन्नास रुपयांची पत

दिवाळी आणि दिवाळे हे दोन शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत, हे एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यातून दिवाळी अंकात दुसऱ्या शब्दाचा उच्चार करणे म्हणजे अभ्यंगस्नानाच्या पहाटे कोणाच्या तेराव्याची आठवण काढण्यासारखे! तरी मी ती काढणार आहे. कारण त्या शब्दाशी माझा चांगला घरोब्याचा संबंध आलेला आहे. इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या हिंदी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक कोश १८८६ साली प्रथम निघाला. 'दिवाळे' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी वाद आहे असे बजावून तो कोश सांगतो की, व्यापारी बुडाला म्हणजे आपल्या पेढीत एक झगझगीत दिवा लावून ठेवी आणि लोकांच्या देण्याचा काही हिशेब लागेपर्यंत स्वतः कोठेतरी नाहीसा होई. मोठी सोयीची चाल होती म्हणायची! मला मात्र तेही साधले नाही. माझे दिवाळे निघाले तेव्हा विजेचे मीटरच पाण्याखाली होते.

माझा छापखाना सांगलीत होता. लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके, हळदीच्या अडत्यांची कागदपत्रे, असे किरकोळ पण बारमाही काम. सांगली हे हळदीचे गाव. जवळच हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवे होती आणि त्यांत पोत्यांनी हळद सुखाने निजलेली असे. २००५ सालच्या जुलैअखेर कृष्णामाई चढली ती पेवांत शिरली, आणि माझ्या तळमजल्यातही शिरली. भिजलेली कागदाची रीम आपण कधी पाहिली आहे? ती फुगते. माझ्या रिमा इतक्या फुगल्या की लाकडी मांडणीचे कप्पेच तिने फोडून टाकले. ज्या अडत्यांकडे माझे येणे होते त्यांची हळद गेलेली. ते मला काय देणार? विम्याचे पैसे आले, परंतु माल बँकेकडे तारण असल्यामुळे ते परस्पर बँकेच्या खात्यात वळते झाले. यंत्राच्या हप्त्याला पूर-बीर काही दिसत नाही. तो महिन्याच्या पाच तारखेला न चुकता दारात उभा राही.

२००६ च्या उन्हाळ्यात बेरीज केली. देणे अकरा लाख चाळीस हजार, येणे कागदावर चार लाख, हातात सतरा हजार. वकील म्हणाले, "आता नादारीचा अर्ज करा."

नादारी! दिवाळे या शब्दात निदान दिवा तरी आहे. नादारीत तोही नाही. परंतु कायदा वाचला तेव्हा वाटले, तो लिहिणारा माणूस अगदीच कोरड्या मनाचा नसावा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ सालचा कायदा आहे आणि बाकीच्या मुलखासाठी १९२० सालचा. पाचशे रुपयांचे देणे असले तरी ऋणकोला अर्ज करता येतो. म्हणजे दरिद्री माणसाचीही येथे अडवणूक नाही. पुढे २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली खरी, पण तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो कंपन्यांना वैयक्तिक जामीन राहिलेल्या मंडळींपुरता. माझ्यासारख्या किरकोळ माणसाला अजूनही इंग्रजी अमदानीतलाच कायदा बुडवतो आणि तोच तारतो.

नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, पण सगळी नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्माच्या चालीप्रमाणे बाईला जे अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने आणि कारागिराची हत्यारे, इतके कायदा सोडून देतो. अंथरूण पाहून पाय पसरावे असे लहानपणी शिकलो होतो; आता अंथरूण तेवढेच उरले. सौभाग्यवतीचे मंगळसूत्र राहिले. मात्र या सवलतीला एक अपवाद आहे, आणि तो कायद्याने कंसात घालून ठेवला आहे: हिशेबाच्या वह्या. त्या कोणालाही सोडत नाहीत. छपाईचे यंत्र, कटिंग मशीन, टाइपाचे खण यांच्याबरोबर माझ्या बावीस वर्षांच्या कीर्द-खतावण्या पोत्यात भरून गेल्या. यंत्र जाताना मी कोरडा उभा होतो. वह्या गेल्या तेव्हा मात्र मी घरात जाऊन बसलो.

लिलाव झाला. ज्यांचे देणे होते त्यांना रुपयामागे बेचाळीस पैसे मिळाले. २००९ साली कोर्टाने मला नादारीतून मुक्त केले. मधल्या तीन वर्षांत मला जी विद्या मिळाली तिच्याविषयी खरे म्हणजे लिहायचे आहे.

त्या कायद्यात एक कलम आहे. मुक्तता न झालेल्या नादार माणसाने पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले आणि आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगितले नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांचा हा आकडा १९२० सालचा. तेव्हा पन्नास रुपयांत एखाद्या कुटुंबाचा महिना निघत असेल. २००६ मध्ये दोन किलो साखर आणि थोडी चहापूड घेतली की पन्नास संपत. म्हणजे सरकारी हिशेबाने माझी पत बरोबर एकोणपन्नास रुपयांची होती! त्यापुढे एक रुपया जरी चढला, तरी आपली कहाणी सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पहिल्यांदा ती सांगितली आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुकानात 'आज रोख उद्या उधार' ही पाटी होतीच. सौभाग्यवतीने दिलेली यादी त्यांच्या हातात ठेवली, बेरीज एकशे छत्तीस झाली, आणि मी घसा साफ करून म्हणालो, "अण्णा, मी कोर्टात नादार ठरलो आहे. हे सांगितल्याशिवाय मला एवढी उधारी करता येत नाही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. अण्णांनी तागडी खाली ठेवली नाही. साखरेची पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "प्रेसवाले, ते गावाला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून आज ऐकलं. बरं, देणार कधी?"

"शनिवारी."

"मग शनिवार लिहितो."

वाचकहो, त्या दिवशी मला पत या शब्दाचा अर्थ समजला. अण्णांनी तुमच्याजवळ किती आहे हे विचारले नाही. का बुडालात, कोणी बुडवले, हेही विचारले नाही. त्यांनी फक्त वार विचारला. पत म्हणजे पैसा असता तर पैसेवाल्यांनी कोणाचे कधी बुडवलेच नसते! पत म्हणजे आपण दिलेल्या तारखेला दुसऱ्याच्या वहीत असलेली किंमत. शनिवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मी फळीपाशी उभा होतो.

आता प्रश्न पोटाचा. कायद्याने कारागिराची हत्यारे सोडली होती, म्हणजे माझ्याजवळ दाभण, सुरी, घडी मारायची हाडाची पट्टी आणि लोखंडी फूटपट्टी एवढे शिल्लक होते. तेवढ्यावर मी घरच्या पडवीत बाइंडिंग सुरू केले. खळ शिजवावी, वाळवी-झुरळ लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालावा, फर्मे शिवावेत, पुठ्ठ्यावर तांबडा खारवा चढवावा. दिवाळी तोंडावर होती, आणि दिवाळीत व्यापाऱ्याला काय लागते? वही! ज्या माणसाच्या साऱ्या वह्या कोर्टाने नेल्या तो आता गावाला हिशेबाच्या वह्या शिवून देऊ लागला. कोणी विनोदाने म्हणे, "प्रेसवाले, तुमच्या हातची वही लाभेल ना?" मी म्हणे, "वहीचा काही दोष नसतो हो. तिच्यात पाणी शिरू देऊ नका म्हणजे झाले."

कागद मी मिरजेच्या एका शेटकडून आणी. त्यांचेही माझ्याकडे बुडाले होते. वर्षभर मी त्यांच्याकडून रोखीने, अर्धी अर्धी रीम घेतली. मनात समाधान असे की आपण कोणाचे लागत नाही. वर्षाने शेट म्हणाले, "मास्तर, तुम्ही रोख घेता त्यानं माझा माल जातो, पण तुमची ओळख होत नाही. रोखीवाला कोण, कुठला, मला काय ठाऊक? पंधरा दिवसांच्या बोलीनं दोन रिमा न्या."

मी कायद्याप्रमाणे सुरुवात केली, "शेट, तुम्हाला सांगणे भाग आहे की मी नादार..."

शेट पोट धरून हसले. "अहो, कोर्टाच्या यादीत तिसरं नाव माझंच आहे!"

पैसे मी तेराव्या दिवशी पोचते केले. पुढे दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. कर्जाने बुडालेल्या माणसाला पुन्हा वर यायचे तर कर्जच काढावे लागते! फरक इतकाच की, ते इतके लहान असावे की ते बुडवणे आपल्याला अशक्य व्हावे. आमच्या भागात पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दारावर येतो. त्याच्याजवळ मी दिवसाला वीस रुपये टाकू लागलो आणि पुढे त्या ठेवीवरच थोडे कर्ज घेतले. स्वतःच्याच पैशांवर व्याज देऊन कर्ज काढणे हा वेडेपणा वाटेल. परंतु मी त्यातून व्यवहार विकत घेत नव्हतो, तारखा विकत घेत होतो.

गल्लीत आणि बाजारात अशी माझी पत उभी राहिली, आणि मी निर्धास्त झालो. तोवर गावात पतीचा आणखी एक कारभारी आला होता, त्याची मला गंधवार्ता नव्हती. २०१३ साली मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला बापाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने माझे नाव टंकले, पडद्याकडे पाहिले आणि अगदी सौजन्याने म्हणाला, "काका, सिस्टिम घेत नाही."

कर्जदारांची माहिती साठवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली कायदा झाला. आज अशा चार कंपन्या देशात आहेत. त्या प्रत्येक कर्जदाराला तीनशे ते नऊशे यांमध्ये गुण देतात आणि माहिती निदान सात वर्षे जपून ठेवतात. कोर्टाने २००९ मध्ये मला मुक्त केले होते. पण ते त्या पडद्याला कोणी कळवलेच नव्हते. तेथे माझे जुने खाते अजून बुडीत, अजून थकलेलेच होते. अण्णांच्या वहीतले शनिवार आणि शेटच्या वहीतले तेरावे दिवस त्याला दिसत नव्हते. आमच्या पतसंस्थेचेही त्याच्या दप्तरी नाव नव्हते. मुलगी काही बोलली नाही. ती मिरजेला शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला गेली. रोज सकाळी डबा घेऊन निघताना ती हसतमुख असे, आणि मला तेच जास्त लागे.

मग मी या नव्या वहीच्या मागे लागलो. पैसे भरून माहितीचा उतारा मागवला. २०१७ पासून तर प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, आपल्या नावावर काय लिहिले आहे ते आपल्यालाच ठाऊक नसते. कोर्टाच्या हुकमाची नक्कल जोडून बँकेला आणि कंपनीला अर्ज केले. उत्तर येण्यास अकरा महिने लागले, पण नोंद दुरुस्त झाली. नुसती दुरुस्त झाली म्हणजे पत आली असे नव्हे. कोरी पाटी तेवढी मिळाली. मग वीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घेतले. त्यावर महिन्याला फक्त विजेचे बिल भरायचे आणि मुदतीच्या आत पूर्ण रक्कम चुकती करायची. मर्यादा सोळा हजारांची असली तरी चार हजारांपुढे जायचे नाही. आणि दहा ठिकाणी कर्जाची चौकशी करीत हिंडायचे नाही, कारण प्रत्येक चौकशीचीही तेथे नोंद होते. थोडक्यात, अण्णांचा शनिवारच, फक्त यंत्राच्या भाषेत! २०१८ मध्ये माझे गुण सातशे बेचाळीस झाले. मुलगी पदविका करून नोकरीला लागली होती. त्या वर्षी तिने पदवीला नाव घातले आणि कर्जाच्या कागदावर मी सही केली. या वेळी सिस्टिमने घेतले.

बँकेचे झाले, कोर्टाचे झाले. पण एक देणे असे होते की ते कोणत्याच दप्तरात नव्हते. माझ्याकडे पूर्वी एक म्हातारा बाइंडर होता, त्याची बत्तीसशे रुपये मजुरी राहिली होती. त्याने कोर्टात मागणीच मांडली नाही. एका दिवसाचा रोज बुडवून कोर्टात कोण जाईल? कायद्याने मी त्याचे काही लागत नव्हतो. येथे मला मार्क ट्वेनची आठवण होई. त्याने टाइप जुळवण्याच्या एका यंत्रात अमाप पैसा घातला, त्याची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली; आणि कायद्याने सबंध देणे फेडणे भाग नसताना, पत्नी ऑलिव्हियाच्या आग्रहाने पै न पै फेडायची असे ठरवून साठीला टेकलेला तो गृहस्थ व्याख्याने देत जगभर हिंडला. १८९६ च्या जानेवारीत तो आपल्या मुंबईतही येऊन गेला. १८९८ पर्यंत सारे देणे फिटले. मला काही कोणी व्याख्यानाला बोलावणार नव्हते. मी दर महिन्याला दोनशे रुपये घेऊन म्हाताऱ्याच्या घरी जाई. सोळा महिने गेलो. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "मालक, आता पुढच्या महिन्याला यायचं न्हाई व्हय?" शेटचे उरलेले अठ्ठावन्न पैसेही पुढे सवडीने फेडले. बँकेचे नाही फेडता आले. ते कोर्टाने सोडले आणि मीही ते सोडलेलेच धरून चालतो. सगळ्यांचे सगळे फेडले असे लिहायला फार आवडले असते, पण हिशेबाच्या गोष्टीत खोटी जमा दाखवता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा चढली, २००५ पेक्षाही वर. कागद मी आता माळ्यावर ठेवत असे. तरी निम्मा गेला. बाइंडिंगचा दाब चिखलात रुतला. दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर, वह्यांच्या मागण्या घेऊन बसलेलो, आणि हाती कागद नाही. गाळ उपसत असताना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दारात टेंपो थांबला. मिरजेच्या शेटनी बारा रिमा पाठवल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या. बरोबरच्या चिठ्ठीवर माल लिहिला होता, दर लिहिला होता. पैसे द्यायची तारीख तेवढी कोरी होती. ड्रायव्हर म्हणाला, "शेट म्हणाले, तारीख मास्तर घालतील." मी चिखलाचे हात पुसले, पंधरा नोव्हेंबर घातले आणि सही केली. त्या तारखेला पैसे पोचले, हे सांगायला नकोच.

एवढ्यात, टाळेबंदीनंतरच्या वर्षी, एक तरुण माझ्याकडे वही न्यायला आला. त्याची खानावळ बंद पडली होती आणि आता तो डबे पोचवण्याचा धंदा मांडू पाहत होता. वही एकशे वीस रुपयांची. ती हातात धरून तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, माझे हप्ते थकलेत. बँकेचे लोक घरी येतात. आधीच सांगतो, नाहीतर नंतर तुम्हाला वाटायचं..."

मी विचारले, "देणार कधी?"

"बुधवारी."

बुधवारी तो आला. साठच रुपये होते. उरलेले कोणत्या दिवशी ते सांगून गेला, आणि त्या दिवशी घेऊनही आला. त्याचा धंदा चालेल की नाही हे मी काय सांगावे? पण माझ्या वहीत त्याचे एक पान आहे आणि ते स्वच्छ आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण कोऱ्या वहीवर 'श्री' लिहितो, हळदकुंकू वाहतो, आणि जुनी वही माळ्यावर टाकतो. माझ्या घरी जुनीही पाटावर असते. तिच्यात लोकांनी दिलेले वार आहेत, आणि त्या वारी ती ती माणसे आलेली आहेत. लक्ष्मी कोणत्या वाटेने येते हे कोणाला कळले आहे? ही एक वाट मात्र माझ्या पाहण्यातली आहे.